बापाच्या हाती दिलेली ठेव

एका रविवारी दुपारी आम्ही आमच्या धाकट्या मुलास मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला सांगत होतो. दूरदेशी जाणारा एक धनी आपले द्रव्य आपल्या तीन चाकरांच्या हाती सोपवितो. एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. पहिले दोघे त्या द्रव्यावर उदीम करून ते दुप्पट करतात. तिसरा आपल्या वाट्याचे जमिनीत पुरून ठेवतो, आणि धनी परत आल्यावर त्याची जी गत होते ती बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. दाखला सांगण्यात आमचा हेतू अगदी निर्मळ होता असे म्हणवत नाही. मुलाचा हात बाजाच्या पेटीवर चांगला बसला आहे असे त्याच्या शिक्षकांचे मत. आणि गेले दोन महिने तो पेटीकडे फिरकलाही नव्हता. देवाने दिलेले दान पुरून ठेवणाऱ्याचे काय होते हे शास्त्राच्याच तोंडून त्याच्या कानी घालावे, म्हणजे आपणांस रागे भरण्याचे कारण उरणार नाही, असा आमचा बेत होता. मुलाने सगळे निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, मालक चांगला होता ना? मग तो तिसरा त्याला एवढा भ्यायला का?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते काय होते हे येथे लिहिण्याजोगे नाही. परंतु प्रश्न मात्र मनातून जाईना. आणि ईश्वराने मुलांस दिलेल्या गुणांच्या बाबतीत बापाचे कर्तव्य कोणते व अधिकार कितपत, या ज्या गोष्टींविषयी आमची मते पक्की आहेत अशी आमची समजूत होती, त्या पुनः एकदा तपासून पाहणे आम्हांस भाग पडले.

प्रथम तो दाखलाच नीट वाचला पाहिजे. टॅलेंट हे मुळात वजनाचे माप. त्या वजनाची चांदी म्हणजे सुमारे 6000 दिनार. एक दिनार ही त्या काळच्या मजुराची दिवसाची मजुरी असे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायावरून दिसते. तेव्हा ज्याला 'एकच' मिळाले म्हणून आपण हळहळतो, त्या चाकराच्या हाती सुमारे वीस वर्षांची मजुरी एकदम पडली होती. धन्याच्या घरी थोडके असे काही नसतेच. पुढे इंग्रजी भाषेत या शब्दाला जन्मजात बुद्धीचा किंवा कलेचा अर्थ आला तो या दाखल्यामुळेच. आणि आता त्या अर्थाची आम्हांस इतकी सवय झाली आहे की मूळ वाक्यातील एक बारकावा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. धन्याने ते द्रव्य 'ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे' दिले, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे योग्यता निराळी व टॅलेंट निराळे. योग्यता चाकराजवळ आधीच होती. टॅलेंट हे तिच्यावर टाकलेल्या विश्वासाचे माप होते. गळा गोड असणे हा गुण झाला. तो गळा कोणासाठी व कशासाठी गाईल हे ज्याच्या स्वाधीन केले जाते, त्याच्या हाती टॅलेंट आले. हा भेद किरकोळ वाटेल, पण आईबापांच्या पुष्कळ चुका तो न ओळखण्यातून निघतात.

आणखी दोन गोष्टी. पाचांचे दहा करणाऱ्यास आणि दोहोंचे चार करणाऱ्यास धनी जी शाबासकी देतो, ती शब्दशः एकच आहे; एका अक्षराचाही फरक नाही. ज्या घरी दोन भावंडे आहेत त्या घरच्या बापाने हे दोन चरण शेजारी शेजारी ठेवून वाचावे अशी आमची शिफारस आहे. दुसरी गोष्ट अशी की, धनी द्रव्य देऊन निघून जातो आणि 'बहुत काळाने' परततो. तो रोज सायंकाळी येऊन हिशेब विचारीत नाही. आम्हांस तीन महिन्यांच्या परीक्षेपर्यंतही दम निघत नाही!

आता कारभारी या शब्दाकडे वळू. खेड्यापाड्यांत बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणून हाक मारते. जुन्या संस्थानांतला आणि सरदारांच्या घरचा कारभारी हा मोठा अधिकारी. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, शिक्का त्याच्या हाती, पण त्यातला एक रुपया त्याच्या मालकीचा नाही. नव्या करारातली कारभाऱ्याची कल्पना याहून निराळी नाही. कारभारी विश्वासू असला पाहिजे एवढीच पौलाची अपेक्षा आहे. तो यशस्वी असावा असे त्याने कोठे म्हटलेले नाही. पेत्राने तर प्रत्येक माणसास मिळालेल्या कृपादानाचा त्यास कारभारी ठरविले आहे. येथवर मतभेदास जागा नाही. पण मूल मध्ये आले की गुंता होतो, कारण तेथे कारभार एक नसून दोन असतात. मूल ही ईश्वराची ठेव, आणि तिचा कारभारी बाप. मुलाच्या ठिकाणचा गुण हीही ईश्वराचीच ठेव, पण तिचा कारभारी मूल. या दोन हिशेबांच्या वह्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत. बाप मात्र बहुधा दोन्ही एकाच वहीत लिहितो, आणि मुलाच्या खात्यातली जमा आपल्या खात्यात दाखवितो.

ठेवीची ही कल्पना केवळ ख्रिस्ती नव्हे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कन्येची पाठवणी केल्यावर कण्वास कोणाची तरी ठेव परत केल्यासारखे हलके वाटते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. फरक इतकाच की कण्वाची ठेव जावयाच्या घरी पोचते आणि हिशेब तेथे मिटतो. ख्रिस्ती बापाचा हिशेब तेथे मिटत नाही.

हा घोटाळा किती सद्भावनेने होऊ शकतो याचे उदाहरण म्हणून लिओपोल्ड मोझार्टचे नाव घ्यावेसे वाटते. हा 1719 साली ऑग्सबुर्ग येथे एका पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या घरी जन्मला, साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी वादक म्हणून राहिला, आणि 1756 साली, म्हणजे ज्या वर्षी त्याचा मुलगा वुल्फगांग जन्मला त्याच वर्षी, व्हायोलिन शिकविण्याच्या पद्धतीवर त्याने लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणूस विद्वान, नेमस्त, श्रद्धावान कॅथलिक, आणि शिक्षक म्हणून तर पहिल्या प्रतीचा. 1759 साली आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी, नानर्लसाठी, त्याने धड्यांची एक वही तयार केली. थोड्याच काळात धाकटा त्याच वहीतले धडे वाजवू लागला, आणि कोणता धडा त्याने कितव्या वर्षी, कोणत्या दिवशी उचलला हे बापाने त्या वहीतच टिपून ठेविले. त्या टिपा वाचताना बापाच्या हाताचा कंप जाणवतो. आपल्या घरात काहीतरी अपूर्व घडत आहे हे त्याने कोणाच्याही आधी ओळखिले, आणि यात त्याची काडीमात्र चूक झाली नाही.

पुढे 1762 पासून प्रवास सुरू झाले. 1763 ते 1766 अशी तीन वर्षे हे कुटुंब जर्मनी, पॅरिस, लंडन, हॉलंड असे फिरत होते. लंडनमध्ये 1765 साली वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या गेल्या. पट्ट्यांवर रुमाल झाकून मुले वाजवून दाखवितील, असे त्यांत होते. त्याच वर्षी हेग येथे दोन्ही मुले ज्वराने अंथरुणाला खिळली. नानर्लची तर आशा सुटून तिला अंत्यसंस्काराचा अभिषेकही झाला. दोघेही त्यातून वाचली. 1768 साली लिओपोल्डने आपल्या साल्झबुर्गच्या मित्रास व घरमालकास एक पत्र लिहिले. साल्झबुर्गमध्ये ईश्वराने एक चमत्कार जन्मास घातला आहे, तो जगाच्या दृष्टीस आणून देणे हे आपले ईश्वराप्रती ऋण आहे, आणि तसे न केले तर आपल्यासारखा कृतघ्न आपणच, असा त्याचा मथितार्थ आहे.

या पत्रास ढोंग म्हणून मोकळे होणारे चरित्रकार आहेत; आम्हांस ते पटत नाही. लिओपोल्ड मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. ऋण खरे, चमत्कारही खरा. मग चुकले कोठे? आमच्या मते, ऋण कोणाचे हे ठरविण्यात चुकले. मुलाने जे ऋण एक दिवस आपल्या पायांवर उभे राहून फेडावयाचे, ते बापाने आपल्या नावावर चढवून घेतले. आणि एकदा ऋण आपले म्हटल्यावर ते फेडण्याचे साधनही, म्हणजे मुलगाही, आपलाच झाला. पुढचा सारा पत्रव्यवहार या एका गोष्टीने विषण्ण झालेला आहे. 1777 साली एकवीस वर्षांचा मुलगा आईसह नोकरी शोधावयास निघाला तेव्हा घरून पत्रामागून पत्रे गेली. त्यांत सल्ला होता, कळकळ होती, कर्जाचा पाढा होता. 1778 च्या जुलैमध्ये आई पॅरिस येथे वारली. 1781 त मुलाने आर्चबिशपची चाकरी सोडली. 1782 त बापाच्या मनाविरुद्ध लग्न केले. 1785 साली लिओपोल्ड व्हिएन्नास मुलाकडे गेला असता हायडनसारख्या श्रेष्ठ संगीतकाराने त्याला सांगितले की, आपल्या माहितीत तुमच्या मुलाएवढा मोठा रचनाकार दुसरा नाही. हे वाक्य त्याने मुलीस पत्रातून कळविले. दोन वर्षांनी तो वारला. बाप-लेकांचे मन पुन्हा पूर्वीसारखे जुळले असे म्हणण्यास आधार नाही.

आणि ती मुलगी? हा भाग आम्हांस अधिक बोचतो. 1769 साली बाप मुलाला घेऊन इटलीस निघाला तेव्हा नानर्ल अठरा वर्षांची होती. तिला आईजवळ घरी ठेविले. तीही रचना करीत असे. 1770 साली भावाने इटलीतून तिच्या एका गीताचे आश्चर्ययुक्त कौतुक करणारे पत्र लिहिले आहे. ते गीत आज उपलब्ध नाही. तिची एकही रचना उरलेली नाही. 1784 साली तिचे लग्न झाले, नवरा वारल्यावर ती साल्झबुर्गला परतली, पियानोच्या शिकवण्या केल्या, अखेरीस दृष्टी गेली, आणि 1829 साली ती निवर्तली. काळाची रीत तशी होती, लग्नाच्या वयाच्या मुलीस गावोगाव नेणे शोभणारे नव्हते, हे सर्व मान्य. तरीपण ईश्वराचे दान जगापुढे न मांडणे ही कृतघ्नता, असे लिहिणाऱ्या बापाच्याच घरात एक दान जमिनीत पुरले गेले आणि त्याला ते पुरणे वाटलेही नाही, ही गोष्ट कशी दृष्टीआड करावी? कारभाऱ्याचा विश्वासूपणा कोठे तपासावा, तर ज्या ठेवीवर व्याज मिळण्याची आशा नव्हती तिचे त्याने काय केले येथे.

याच्या उलट दिशेचे, पण त्याच जातीचे दुसरे उदाहरण डॉ. जॉन्सनचे. निबंधमालेच्या कृपेने हा ग्रंथकार मराठी वाचकास परका राहिलेला नाही. त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुरे केले, हा पितापुत्रांच्या कारभाराचा एक सुखद प्रकार येथे जाता जाता आठवतो. जॉन्सन 1709 साली लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्याच्या घरी जन्मला. बापाची पन्नाशी उलटून गेली होती. मुलगा विलक्षण बुद्धीचा. म्हातारपणीच्या बापास त्याचे कोण कौतुक! कोणी पाहुणा आला की मुलास पुढे करून त्याची करामत दाखवावयाची. जॉन्सनने उतारवयात आपल्या स्नेह्यांपाशी सांगितलेली आठवण अशी की, शेजारीपाजारी येताना दिसले म्हणजे आपण पळून झाडावर चढून बसत असू, आणि बापाने कुरवाळले तर तेही नकोसे वाटे, कारण कुरवाळण्यापाठोपाठ काय येणार हे ठाऊक झाले होते. हे शेवटचे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेविले.

आईने त्याला अगदी लहानपणी, अंथरुणात, स्वर्ग कोणाला व नरक कोणाला हे समजावून सांगितले, आणि पक्के ठसावे म्हणून ते घरच्या गड्याला पुनः सांगण्यास धाडले. रविवारी त्याला घरात बसवून कर्तव्यबोधाचा एक जाडा ग्रंथ वाचावयास लावीत. आईबापे दुष्ट नव्हती. ती चांगली, देवभीरू माणसे होती. पण या संगोपनाचे फळ काय झाले ते पाहा. ज्या माणसाने 1755 साली इंग्रजी भाषेचा कोश जवळजवळ एकट्याच्या हिमतीवर पुरा केला, त्याच्या खाजगी प्रार्थनांच्या टिपणांत वर्षानुवर्षे एकच आक्रोश आहे: दिलेला काळ वाया घालविला, उशिरा उठलो, काही केले नाही. घड्याळाच्या तबकडीवर त्याने योहानाच्या शुभवर्तमानातील रात्र येत असल्याची सूचना ग्रीक अक्षरांत कोरून घेतली होती. टॅलेंटच्या दाखल्याचे भय त्याला मरेपर्यंत सुटले नाही. नवल हे की, दुसऱ्याच्या बाबतीत तो याच दाखल्याचा किती मायाळूपणे अर्थ करीत असे! त्याच्या घरी राहणारा लेव्हेट नावाचा एक अबोल, ओबडधोबड वैद्य लंडनच्या गरीब वस्तीत फिरून औषधपाणी करी; तो 1782 साली वारला तेव्हा जॉन्सनने त्याच्यावर विलापिका लिहिली, आणि त्याच्या त्या एका टॅलेंटाचा हिशेब धन्यापुढे चोख ठरला अशी ग्वाही दिली. लेव्हेटचा धनी दयाळू होता. जॉन्सनचा स्वतःचा धनी मात्र तोच, न पेरता कापणी करणारा, कठोर.

आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडू लागले. तिसरा चाकर आळशी होता असे धनी म्हणतो. पण चाकर स्वतः जे कारण सांगतो ते आळसाचे नाही. तुम्ही कठोर आहात हे मला ठाऊक होते आणि मी भ्यालो, असे तो म्हणतो. त्याचे पाप हाताने केलेले नव्हे. धन्याचे जे चित्र त्याच्या मनात होते त्यातून ते निघाले. पहिल्या दोघांस धनी भ्यावयासारखा वाटला नाही, म्हणून त्यांनी द्रव्य धोक्यात घातले. उदिमात बूडही येते हे त्यांस ठाऊक नव्हते काय? मग प्रश्न असा उरतो की मुलाच्या मनात ईश्वराचे चित्र प्रथम काढतो कोण? ख्रिस्ती मूल 'आमच्या स्वर्गातील बापा' असे म्हणावयास शिकते तेव्हा 'स्वर्ग' हा शब्द त्याला कळत नसतो. 'बाप' हा तेवढा कळतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल बापांस बजावतो की मुलांस चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. एवढ्या लहान आज्ञेस त्याने कारण जोडले आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. खिन्न झालेले मूल उद्धट होत नाही, ते जमीन उकरू लागते.

यावर कोणी म्हणेल, मग बापाने काही करूच नये की काय? मुलाच्या कलाने चालावे, त्याला वाटेल तेव्हा ते शिकेल, हे मत अलीकडे पुष्कळ ऐकू येते. आम्हांस तेही लटके वाटते. पेटी मुलाच्या हाती आपण होऊन येत नाही. कोणीतरी ती विकत आणावी लागते, भाता धरून दाखवावा लागतो, आणि पहिली दोन वर्षे जो कंटाळा येतो तो कोणीतरी सोबतीने सोसावा लागतो. योहान सेबास्टियन बाखने 1720 साली आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक वही घातली. आरंभी स्वरचिन्हांचा तक्ता, मग एक लहानसा धडा. त्यातील प्रत्येक स्वरावर कोणते बोट ठेवावे याचे आकडे, आणि त्या आकड्यांच्या वर तीन आद्याक्षरे, ज्यांचा अर्थ 'येशूच्या नावाने'. बोटांच्या आकड्यांवर येशूचे नाव! ईश्वराचे दान कसे जपावे यावर बाखने मुलास प्रवचन दिले की नाही हे त्या वहीवरून कळत नाही; बोटे कोठे ठेवावी हे मात्र स्पष्ट कळते. निर्गमाच्या पुस्तकात परमेश्वर बसालेलास आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो तो सोने, रुपे, पाषाण व लाकूड यांवर काम करण्यासाठी, ही गोष्ट बाखला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि तरीही फ्रीडमानचे आयुष्य नीट गेले नाही. तो मोठा वादक झाला, पण नोकऱ्या टिकल्या नाहीत. बापाच्या वाट्याला आलेल्या हस्तलिखितांपैकी कितीतरी त्याने विकली. 1784 साली बर्लिन येथे तो दारिद्र्यात वारला. त्याच घरात, त्याच बापाच्या हाताखाली शिकलेला धाकटा कार्ल फिलिप इमान्युएल मानाने जगला आणि त्याने बापाचे कागद जिवापाड जपले. सारख्याच कारभाराचे दोन निकाल! कारभाऱ्याकडून विश्वासूपणा मागितला आहे, यश नव्हे, हे पौलाचे म्हणणे बापांना केवढा दिलासा देणारे आहे हे अशा ठिकाणी कळते.

व्याज कोणत्या नाण्यात मिळेल हेही बापाच्या हाती नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले, लोकांचा रोष पत्करला, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथे 1858 साली रमाबाई जन्मल्या, आणि आईबापांच्या तोंडून शास्त्रपुराणे शिकल्या. शास्त्रीबोवा निष्ठावंत वैष्णव. मुलीने ही विद्या भगवद्भक्तीत लावावी याहून निराळी इच्छा त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते. दुष्काळात आईबापे गेली. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्या तरुणीस 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविले. 1883 साली इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. आणि आयुष्याच्या अखेरीस त्या इब्री व ग्रीक मुळावरून बायबलाचे मराठी भाषांतर करीत बसल्या होत्या. अनंतशास्त्री हयात असते तर त्यांचे अंतःकरण फाटले असते, यात आम्हांस शंका वाटत नाही. आम्ही ख्रिस्ती लोक ही कथा कौतुकाने सांगतो, त्या वेळी तिची दुसरी बाजू विसरू नये: आमच्याही मुलांच्या ठेवीचे व्याज आम्हांस न ओळखणाऱ्या नाण्यात येऊ शकेल, आणि तेव्हा आम्ही किती धीराचे ठरू हे आधी सांगता येत नाही. तरीसुद्धा कोणी विचारावे की, त्या रानात त्या माणसाने मुलीस शिकविले ते वाया गेले काय?

शुभवर्तमानांत एक बाप असा आहे की त्याच्या तोंडचा एकही शब्द लिहून ठेविलेला नाही. योसेफ बोलत नाही. तो उठतो, निघतो, काम करतो. त्याच्या हाती जी ठेव दिली तिच्याहून मोठी ठेव कोणा बापाच्या हाती आली नाही, आणि त्याने तिला शिकविले काय, तर सुतारकी. लोक येशूला पुढे 'सुतार' म्हणून ओळखत होते, त्यावरून मुलगा धंद्यात तयार झाला होता असे दिसते. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेत मागे राहतो. आईबाप तीन दिवस शोधतात. मंदिरात गुरुजनांच्या मध्ये तो सापडतो. तुझा बाप व मी कष्टी होऊन तुला शोधीत होतो, असे मरीया म्हणते. मुलगा उत्तर देतो की मी माझ्या पित्याच्या घरी असावयास हवे हे तुम्हांस ठाऊक नव्हते काय? एकाच प्रसंगात 'बाप' हा शब्द दोनदा आला आणि दोन्ही वेळां त्याचा अर्थ निराळा. योसेफ तेथे उभा होता. त्याला काय वाटले असेल? लूक एवढेच सांगतो की, आईबापांस ते बोलणे समजले नाही. आणि त्याच्या लगतच्या वाक्यात, मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. ठेव कोणाची हे उघड झाल्यानंतरही ती आणखी कित्येक वर्षे सुताराच्या घरीच राहिली. पटाशी कशी धरावी हे शिकण्याचे काम तिने सोडले नाही, आणि शिकविण्याचे काम योसेफाने सोडले नसावे. यापुढे शुभवर्तमानांत तो कोठे प्रत्यक्ष दिसत नाही.

असो. आमच्या घरच्या पेटीची गोष्ट राहिली. दाखल्याचा प्रसंग होऊन काही दिवस लोटल्यावर एका रात्री आम्ही मुलास विचारले, तू पेटी का सोडलीस? उपदेश करावयाचा नाही असे या वेळी मनाशी ठरविले होते. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला की, नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले होते तेव्हा तुम्ही मला वाजवायला लावलेत. मध्येच मी चुकलो. आणि तुम्ही सगळ्यांना हसत हसत म्हणालात की, घरी तर बरा वाजवतो, आज काय झाले कोण जाणे.

आम्हांस तो प्रसंग आठवत नव्हता. पाहुणे आले होते हे आठवले, फराळ आठवला, कोणीतरी दूरध्वनीवर त्या वादनाची चित्रफीत घेतल्याचेही आठवले. हे वाक्य मात्र आठवेना. घरच्यांस विचारले तेव्हा मुलाच्या आईने ते शब्दशः सांगितले. आम्ही मुलाची क्षमा मागितली. त्याने मान हलविली, आणि उद्या शाळेला कोणती वही न्यायची आहे ती दप्तरात घातली. पेटी अजून बंदच आहे. भात्याला कसर लागू नये म्हणून महिन्या-पंधरा दिवसांनी आम्हीच ती उघडून दोनचारदा हलवितो व पुनः झाकून ठेवतो.